ओवाळणीचा व्हिडिओ

वकिली सोडल्यावर माणसाने काय करावं, याचे अमरावतीत दोनच मार्ग रूढ आहेत. एक, आत्मचरित्र छापून लग्नकार्यात लोकांच्या हातात कोंबणं. दुसरा, सकाळी मैदानावर फिरायला म्हणून जाणं आणि तिथल्या बाकावर बसून देश चालवणं. मी तिसरा काढला. स्वतःची वेबसाईट सुरू केली. चाळीस वर्षं दिवाणी दावे लढवले, म्हणजे जगाला सांगण्यासारखं काहीतरी आपल्यापाशी असणारच, असा माझा समज होता. जगाने त्याला अजून दुजोरा दिलेला नाही.

साईटवर माझे लेख होते, गच्चीवरच्या कुंड्यांचे फोटो होते आणि बाररूममधल्या निरोपसमारंभात मी केलेलं भाषण संपूर्ण होतं. संपूर्ण हे मुद्दाम सांगतो, कारण समारंभात ते मला पुरं करू दिलं नव्हतं.

‘‘तुमच्या साईटवर रोज चार जण येतात,’’ बायको एकदा म्हणाली, ‘‘त्यातले तीन तुम्हीच असता.’’

‘‘आणि चौथा?’’

‘‘तो वाट चुकलेला असेल.’’

आमच्या घरात कौतुकाची पद्धत नाही. ती माझ्या माहेरी, म्हणजे माझ्या ताईकडे अकोटला, त्याहून नाही. ताई माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. तिने आयुष्यात कोणाच्या स्वैपाकाला उगीच चांगलं म्हटलेलं नाही. माझ्या लग्नात, मुलीकडच्या पंगतीत बसून, व्याह्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ‘बुंदी कच्ची हाये’ म्हणणारी हीच. पुण्याचे पाहुणे तिच्याशी पाच मिनिटं बोलले की भांडण झालं असं समजून निघून जातात. तिने मात्र त्यांना दुपारी जेवायला थांबा म्हटलेलं असतं.

भाऊजींना जाऊन सात वर्षं झाली. ते अकोटच्या एका जिनिंगमध्ये कापूस पारखायचे. चिमूटभर कापूस दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून ओढायचे आणि धाग्याची लांबी सांगायचे. मोजपट्टी लावून बघणाऱ्याची नंतर फजिती व्हायची. माणूस मितभाषी. बायकोशी तर चारचौघांत बोलायचेच नाहीत. त्या पिढीत ती रीत होती, आणि ताईनेही ती शेवटपर्यंत पाळली. नवऱ्याच्या तोंडाकडे तिने लोकांसमोर कधी नीट पाहिलं नाही. सासू होती तोवर सासूची लाज. सासू गेली तोवर घरात सून आली, मग सुनेची.

या भाऊबिजेला तिने मला ओवाळलं, मी साडीची पिशवी पुढे केली, तर तिने ती बाजूला सारली.

‘‘साडी राहू दे बाबू. मले दुसरी ओवायनी पायजे.’’

मी सदुसष्ट वर्षांचा आहे आणि जगात मला बाबू म्हणणारी एवढी एकच व्यक्ती उरली आहे.

‘‘तू क्यामेरा घेऊन आल्ता नं एक डाव, लाईट गेल्ती त्या दिवशी?’’ ती म्हणाली. ‘‘ते असन तुह्यापाशी. मले त्यायचं तोंड पाहाचं हाये. डोये हायेत तवरिक.’’

तिला काचबिंदू आहे. अकोल्याचे डॉक्टर दर तीन महिन्यांनी तपासतात. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायची, त्यासाठी दिवसातून दोनदा डोळ्यांत थेंब टाकायचे आणि ते कधीही बंद करायचे नाहीत, असं त्यांनी बजावलेलं. आधी अंधुक उजेडातलं दिसेनासं होईल, मग बाकीचं, हेही सांगितलेलं.

ती म्हणत होती तो दिवस मला आठवला. वीसेक वर्षांपूर्वी मी हँडीकॅम घेतला होता आणि तो मिरवायला अकोटला गेलो होतो. संध्याकाळी लोडशेडिंग सुरू झालं. कंदिलाच्या उजेडात भाऊजी मला कापूस कसा पारखतात ते दाखवत होते, मी चित्रण करत होतो. मध्येच ते स्वैपाकघराच्या दाराकडे वळले आणि म्हणाले, ‘‘ऐकलं काय वो, बाबूले चहा ठेव.’’ ताई दारात आली. कॅमेरा बघून थबकली. भाऊजी तिच्याकडे बघून हसले. बस, एवढंच. पण माझी सासुरवाशीण बहीण समोर आहे आणि तिचा नवरा तिच्याकडे बघतो आहे, असं जगात दुसरं काहीही नोंदलं गेलेलं नाही. लग्नाच्या फोटोतसुद्धा दोघं फोटोग्राफरकडे बघताहेत, आणि तेही घाबरून.

‘‘घरच्या ग्रुपवर टाकतो,’’ मी म्हणालो.

‘‘ग्रुपवर नोको. तथी सुना हायेत, जावई हायेत. तुह्या त्या साईटवर टाक. तथी कोनी येत नाही म्हने.’’

‘‘कोण म्हणे?’’

‘‘तुही बायको.’’

परतल्यावर आठ दिवसांत मी ती कॅसेट शोधून काढली आणि एका फोटो स्टुडिओतून तिची कॉम्प्युटरवर चालणारी फाईल करून आणली. चार मिनिटांचं चित्रण. शहाण्या माणसाने ते त्याच संध्याकाळी साईटवर चढवलं असतं. मी मात्र आधी अभ्यास करायचं ठरवलं. वकिलाला अभ्यासाचं निमित्त मिळालं की समोरचा पक्षकार म्हातारा होतो.

व्हिडिओ कोणत्या फॉरमॅटमध्ये ठेवावा, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. निदान मी तो साधा राहू दिला नाही. एमपीफोर, वेबएम अशी नावं आपण ऐकतो, तो नुसता डबा. डब्यात भाजी कोणती आणि ती कशी दाबून भरली, हे वेगळंच. डब्यावर एमपीफोर लिहिलेलं असलं तरी आतली भरण्याची रीत जुनी असू शकते किंवा नवी. त्या रीतींना नंबर आहेत. जुनी दोनशे चौसष्ट, नवी दोनशे पासष्ट. हे वाचलं आणि माझे डोळे चमकले. ही तर कलमं झाली. आणि कलमांच्या बाबतीत माझी सवय पक्की आहे. सुधारणा आली की जुनं कलम रद्द. रद्द झालेल्या कलमावर युक्तिवाद करणाऱ्याला मी भर कोर्टात हसलेलो आहे.

त्यात नवी रीत सरसही होती. तेच चित्र निम्म्या जागेत मावत होतं. मी एक वही घातली. त्यात मुद्दे, उपमुद्दे, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष. दिवाळी सरली, थंडी पडली, माझा अभ्यास चालूच. ताईचा दर आठवड्याला फोन येई. ‘‘टाकलं काय?’’ मी म्हणे, ‘‘होऊन राह्यलं.’’ पक्षकाराला तारीख देताना वकिलाची जीभ जशी मऊ होते, तशी माझी व्हायची.

बडनेऱ्याचा माझा एक मित्र आहे. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेला. दर बुधवारी स्कूटरवरून येतो, दोन कप चहा पितो आणि माझ्या कुठल्याही मताला विरोध करून जातो. या विषयात त्याला माझ्याहून जास्त कळतं, कारण तो नातवंडांचे व्हिडिओ अख्ख्या रेल्वे कॉलनीला पाठवतो आणि ते सगळीकडे चालतात. मी त्याला माझी वही दाखवली. त्याने ती उघडली नाही.

‘‘पाहणार कोन हाये?’’ त्याने विचारलं.

‘‘ताई.’’

‘‘फोन कोनता हाये तिच्यापाशी?’’

फोन ताईच्या मुलाने वापरून बायकोला दिलेला, तिने वापरून सासूला दिलेला. आमच्याकडे साड्या सासूकडून सुनेकडे येतात आणि फोन उलट्या दिशेने जातात.

‘‘मंग जुन्यातच ठेव,’’ मित्र म्हणाला. ‘‘अकोट लाईन आठोते काय तुले? मोठी गाडी अकोल्यालोक येऊन थांबे. अकोटले जायाचं तं उतरून लहान गाडीत बसा लागे. कावून? रूळ लहान होता. गाडी कितीबी चांगली असो, रुयाच्या बाहेर थे जात नाही. तू गाडी नोको पाहू. अकोटले रूळ कोनता हाये, थे पाह्य.’’

हे इतकं सरळ होतं की मला रागच आला. पस्तीस वर्षं हिरवा-लाल दिवा लावलेल्या माणसाने मला युक्तिवाद शिकवावा? मी त्याला ऐकवलं की जुन्याला चिकटून बसणं हा आपल्या वऱ्हाडाचा रोग आहे, म्हणूनच आपण मागे राहिलो. वऱ्हाड का मागे राहिलं याची कारणं आमच्याकडे प्रत्येकापाशी तयार असतात, आणि ती कुठल्याही वादात कामी येतात. तो दुसरा कप अर्धा ठेवून गेला.

मी नवी रीत घेतली. माझ्या लॅपटॉपवर चालवून पाहिली, झकास. माझ्या फोनवर चालवली, झकास. बायकोचा फोन माझ्याच फोनसोबत घेतलेला, त्यावरही चालली. एवढ्यावर मी निकाल दिला. तपासलेले सगळे साक्षीदार माझेच होते, हे उमेदवारी करणाऱ्या वकिलाच्याही लक्षात आलं असतं.

संक्रांतीच्या दिवशी दुपारी व्हिडिओ साईटवर चढला. ताईच्या फोनच्या पहिल्याच पानावर माझ्या साईटचं चिन्ह मी भाऊबिजेला ठेवून आलो होतो, तेवढं दाबायचं तिला ठाऊक होतं. तिळगुळाच्या निमित्ताने तिला फोन केला आणि कुठे बोट लावायचं ते सांगितलं. ती म्हणाली, सगळे निजले की पाहतो. आमच्याकडे सगळे दुपारी निजतात. चार वाजता मी पुन्हा फोन लावला.

‘‘पाह्यलं काय ताई?’’

फोनमधून दाराची कडी काढल्याचा आवाज आला.

‘‘हो,’’ ती म्हणाली. ‘‘चांगलं हाये. त्यायचा आवाज लय साफ हाये.’’

माझ्या लग्नातल्या बुंदीला कच्ची म्हणणारी बाई मला चांगलं हाये म्हणाली, आणि चाळीस वर्षं उलटतपासणी घेतलेल्या मला त्यात काही खटकलं नाही. उलट मी फुगलो. पुढच्या बुधवारी मित्राला सुनावलं, की तुझ्या लहान रुळावरून माझी मोठी गाडी अकोटला सुखरूप पोचली. तो म्हणाला, ‘‘असन बापा.’’ मग मी साईटवर ‘व्हिडिओचा फॉरमॅट कसा निवडावा’ ही लेखमाला लिहिली. सात भाग. सातव्या भागात जुन्याला चिकटून बसणाऱ्या बडनेऱ्याच्या एका सद्गृहस्थाचा उल्लेख आहे.

अक्षय्य तृतीयेच्या, म्हणजे आमच्या आखजीच्या तोंडावर अकोटहून भाचसुनेचा फोन आला.

‘‘मामाजी, तुमी येऊन जाता काय? आईनं पेपर वाचनं सोडलं. वाती करनं सोडलं. अकोल्याच्या डॉक्टरची तारीख आली तं येत नाही म्हनतात. आमी इचारलं तं सांगत नाहीत. तुमचं ऐकतीन.’’

मी दुसऱ्या दिवशी एसटीने निघालो. त्या दिवसांत अमरावतीहून परतवाडा, अंजनगाव करत अकोटला जाणं म्हणजे भट्टीत बसून भट्टीच्या खिडकीतून बाहेर पाहणं. सोबत लॅपटॉप घेतला होता. ताईची करमणूक व्हावी म्हणून सात भाग मोठ्या अक्षरांत करून घेतले होते. हे मी आज लिहितो आहे तेव्हा मला माझी किळस येते, पण घेतले होते हे खरं.

ताई आतल्या खोलीत कूलरसमोर पलंगावर बसली होती. हात रिकामे. तिचे हात रिकामे मी कधी पाहिले नव्हते.

‘‘उन्हाचा कावून आला?’’

‘‘तू डॉक्टरकडे कावून जात नाहीस?’’ मी सरळ मुद्द्यावर आलो.

‘‘काय करू जाऊन? जे पाहाचं होतं तेच दिसत नाही. बाकीचं पाहून काय करतो?’’

‘‘थेंब टाकतेस ना?’’

‘‘सोडले.’’

‘‘केव्हापासून?’’

‘‘तीळसंक्रांतीपासून.’’

मला काही उमजेना. तिने सुनेला लिंबाचं सरबत करायला पाठवलं, उठून दाराची कडी लावली आणि उशीखालून फोन काढला. माझ्या साईटचं चिन्ह तिने न चाचपडता दाबलं. तीन महिन्यांत तिने ते किती वेळा दाबलं असेल, ते तिच्या बोटावरून कळत होतं. या तीन महिन्यांत माझ्या साईटवर येणारा तो चौथा माणूस माझी बहीण होती.

फोनमधून भाऊजी बोलू लागले. ‘‘हा पाह्य बाबू. असा धराचा. घाई नाही कराची. कसा रेशमावानी निंगून राह्यला, पाह्यलं?’’ कंदील सरकवल्याचा आवाज. मग, ‘‘ऐकलं काय वो, बाबूले चहा ठेव.’’ मग भांड्याचा आवाज थांबला आणि भाऊजींचं ते छोटंसं हसू.

पडदा काळाभोर होता. सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

ताईने फोन नाकाजवळ धरला होता. ‘‘लाईट गेल्ती नं त्या दिवशी,’’ ती म्हणाली, ‘‘तथी अंधारच हाये. तुमाले दिसत असन. डॉक्टर म्हनला होता, पह्यले अंधारातलं जाईन म्हून. तं गेलं. आता बाकीचं जाईन. कोनाले सांगून काय करू? पोरगा ऐकीन तं घाबरीन.’’

‘‘सुनेला तरी दाखवायचंस.’’

‘‘सुनेपुढं त्यायच्या तोंडाकडं पाहत बसू काय मी?’’

मी फोन तिच्या हातातून घेतला. खिडकीपाशी नेला, उजेड कमी-जास्त करून पाहिला. काळं.

‘‘ताई,’’ मी म्हणालो, ‘‘मलेबी काही दिसून नाही राह्यलं.’’

तिने माझ्या डोळ्यांत निरखून पाहिलं.

‘‘तुह्येबी डोये गेले काय बाबू?’’

तेवढ्या क्षणात माझ्या डोक्यात किती बचाव उभे राहिले ते सांगतो. नेटवर्क नाही. फोन जुना आहे. सुनेने काहीतरी दाबलं असेल. उन्हाने असं होतं. यापेक्षा कच्च्या बचावावर मी दावे जिंकलेले आहेत. पण समोर बसलेल्या बाईने तीन महिने रोज दुपारी कडी लावून आपल्या आंधळेपणाची खातरजमा केली होती, आणि तो आंधळेपणा मी अमरावतीहून पाठवला होता.

‘‘तुह्ये डोये चांगले हायेत,’’ मी म्हणालो. ‘‘माहं चुकलं. अकोट लाईन आठोते नं? मी मोठी गाडी पाठोली. तुह्या फोनचा रूळ लहान. आवाज अकोल्याले उतरून लहान गाडीत बसला, चित्र तथीच राह्यलं.’’

तिला ते ताबडतोब समजलं. मला समजायला वही लागली होती.

‘‘मंग मोठी गाडी कावून पाठोली?’’

या प्रश्नावर माझ्या सात भागांत एकही भाग नव्हता.

‘‘तीन महिने,’’ ती म्हणाली. ‘‘तीन महिने मी सोताले आंधयी समजून बसली, बह्याडा.’’

मी कडी काढून सरबत आत घेतलं. तिने ते प्यायला घेतलं. मी ओसरीत जाऊन बडनेऱ्याला फोन लावला आणि घडलं ते सांगितलं. तो हसेल म्हणून मी मनाची तयारी करून होतो. तो हसला नाही.

‘‘लॅपटॉप हाये काय संगं? मंग जुन्यात बदलून टाक. दहा मिनटाचं काम हाये. आन तुह्या हातात नोको चालवू. तिच्या हातात दे, मंग पाह्य.’’

दहा मिनिटं सांगितली होती, बाराएक लागली. भाऊबिजेपासून आखजीपर्यंतचा माझा अभ्यास एवढा होता. जुनी फाईल साईटवर चढवली आणि फोन ताईच्या हातात दिला. तिने पुन्हा कडी लावली आणि चिन्ह दाबायच्या आधी मान वर केली.

‘‘तिकडं तोंड कर.’’

मी भिंतीकडे तोंड करून बसलो. भिंतीवर कॅलेंडर होतं. मागे भाऊजी कापूस ओढत होते. घाई नाही कराची, म्हणत होते. मी चैत्रातल्या सगळ्या तिथ्या वाचल्या, मग वैशाखातल्या. चहाची हाक आली. हसू आलं. पुन्हा पहिल्यापासून. मी संकष्टीचे चंद्रोदय वाचायला घेतले. तिसऱ्यांदा चहाची हाक झाल्यावर मागून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मी कॅलेंडरच धूसर छापलं आहे असं मनाशी म्हटलं.

‘‘काच पुसली नव्हती कंदिलाची,’’ ताई म्हणाली. ‘‘किती धूर करून राह्यला. मी सांगतल्तं सकायीच.’’

‘‘दिसलं?’’

‘‘माही साडी नेसलेली चांगली नाही.’’ मग पडद्यावर बोट ठेवून, ‘‘हासले नं ते माह्याकडं पाहून. मले तवा दिसलंच नव्हतं. मी तुह्या क्यामेऱ्याकडं पाहत होती.’’

थोड्या वेळाने तिने दाराची कडी काढली आणि सुनेला हाक मारून सांगितलं, उद्या सकाळच्या गाडीने मी आणि बाबू अकोल्याले जातो.

अकोल्याच्या दवाखान्यात दोन तास बसलो. एका खोलीत तिला यंत्रापुढे बसवलं, डोळ्यांपुढे इकडे तिकडे ठिपके चमकतात, दिसला की बटण दाबायचं. आत बसून ती बटण दाबत होती आणि बाहेर मी तो टकटक आवाज मोजत होतो. मध्ये फार वेळ टकटक झाली नाही तेव्हा मी उठून उभा राहिलो.

डॉक्टरांनी कागद बघितले. उजवा डोळा होता तसा होता. डाव्या डोळ्याची बाहेरची बाजू गेली होती. डोळ्यांतला दाब खूप वाढला होता.

‘‘थेंब बंद केले होते का, आजी?’’

मी तोंड उघडलं. चाळीस वर्षं पैसे घेऊन तोंड उघडलं, आज फुकट आणि खरं बोलायचं होतं. ताईने टेबलाखालून माझं मनगट दाबलं.

‘‘इसरली जी मी,’’ ती डॉक्टरांना म्हणाली. ‘‘वय झालं. ध्यानात राहत नाही.’’

पाढे आणि पावक्या आजही पाठ असलेली, व्याह्यांची बुंदी न विसरलेली बाई. ती दोनदाच खोटं बोलल्याचं मला ठाऊक आहे. एकदा चांगलं हाये म्हणाली ते, आणि हे.

डॉक्टर माझ्याकडे वळले. घरच्या लोकांनी लक्ष द्यायला हवं, म्हणाले. गेलेलं परत येत नसतं. मी हो म्हणालो. आयुष्यात मी कुठल्याही निकालाविरुद्ध अपील न करता हो म्हणालो ते तेवढंच.

अकोट लाईनचा रूळ आता मोठा झाला आहे, पण गाडीची वेळ आम्हाला जमत नव्हती, म्हणून स्टँडवर येऊन एसटी धरली. चालकाच्या बाजूचं बाकडं मिळालं. ताईला लहानपणापासून खिडकी लागते. खिडकीसाठी तिने मला मामाच्या गावाला जाताना चिमटे काढलेले आहेत. ती खिडकीशी बसली, मी तिच्या डाव्या हाताला. गाडी शहराबाहेर पडली. मी तिला सांगत होतो की ते सात भाग मी साईटवरून काढून टाकणार, आणि बडनेऱ्याच्या सद्गृहस्थाला घरी बोलावून जेवू घालणार. ती हूं हूं करत होती. मग मी गप्प झालो.

थोड्या वेळाने तिने हात पुढे करून बाकडं चाचपलं.

‘‘बाबू, हायेस काय?’’

‘‘अथीच हावो. तुह्या बाजूले.’’

तिने मान पूर्ण वळवली तेव्हा मी तिला दिसलो.

‘‘इकडं ये,’’ ती म्हणाली. ‘‘उजव्या अंगाले बस. तिकडं तू दिसत नाही मले.’’

मी उठलो. तिने खिडकी सोडली आणि अलीकडे सरकली, आणि मी तिच्या जागेवर बसलो.